न केलेल्या पापाचा कुमसार

माझ्याकडे मन मोकळं करायला येऊन समोर बसलेलं माणूस हा प्रश्न हरतऱ्हेने विचारतं, पण मूळ एकच असतं: "मी काही केलेलं नाही. तरी हे माझ्याच वाट्याला आलं, म्हणजे माझं कुठलंतरी पाप असणार ना?" हिंदू घरांतून येणारी माणसं याला प्रारब्ध म्हणतात, पूर्वजन्मीचं म्हणतात. आमच्या ख्रिस्ती घरांत पूर्वजन्म नाही, त्यामुळे शोध याच जन्मात घ्यावा लागतो. आणि माणूस एकदा शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच.

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना मी इथे मावशी म्हणते, कारण समोरही तेच म्हणत होते. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधलं एक किनाऱ्याचं गाव समजा. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मार्च महिना होता, काजूचा हंगाम. बिया फोडून त्यांची बोटं काळी पडली होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत बचत गटाची रोकड वही. वही त्यांनी टेबलावर ठेवली, पण वरचा हात काही उचलला नाही. पुढचा पाऊण तास तो हात तिथेच होता. मनगटावर दोन फिकट पट्टे दिसत होते, बांगड्या काढल्याला फार दिवस झालेले नसावेत.

हकिगत थोडक्यात अशी. बारा बायकांचा गट, काजूगर आणि आमसुलं विकणारा. सहा वर्षं पैसे मावशींकडे. वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवताना ३८,००० रुपये कमी आले. बचत गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताईने वह्या दोनदा तपासल्या, फरक तोच. मग कुजबुज सुरू झाली. मग एक दिवस बैठकीत कोणीतरी म्हणालं, देवाला कौल लावू, म्हणजे प्रश्नच मिटेल. कोकणात हे नवीन नाही. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की डावी, त्यावर निकाल. मावशी म्हणाल्या, आमच्यात असं करत नाहीत, माझं 'नाही' म्हणजे नाहीच. येशूची शिकवण तीच आहे, शपथा वाहू नका, होय ते होय आणि नाही ते नाही. पण बैठकीला त्याचा अर्थ एवढाच लागला की बाई कौलाला घाबरली.

(कौलाला हसणाऱ्या माझ्या ख्रिस्ती वाचकांसाठी: युरोपात शतकानुशतकं आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड देऊन निवाडा होत असे, आणि ते लोखंड आशीर्वादित करायला पाद्री हजर असे. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायची बंदी केली. तेव्हा जरा जपून.)

शेवटी अध्यक्षबाईंनी तोडगा काढला. "तुम्ही घेतले असं आमचं म्हणणं नाही. पण जबाबदारी तुमची होती. अर्धे भरा, विषय संपवू." मावशींनी बांगड्या पतसंस्थेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि १९,००० रुपये भरले. विषय संपला नाही. दुसऱ्या आठवड्यात नळावर त्यांच्या कानावर आलं ते असं: "घेवक नाय, तर भरल्यान कित्याक?"

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती सांगून टाकते. हे सगळं ऐकून मी म्हणाले, "मावशी, देव सगळं बघतो. सत्य बाहेर येईलच." मावशींनी मान हलवली, वही उचलली आणि पिशवीत घातली. बास. बायबलमध्ये निर्दोष असून दुःखात सापडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. मीही त्यांच्यातलीच झाले. निघताना मी एक गोष्ट मात्र स्पष्ट शब्दांत विचारली: जगू नये असं वाटतं का? अशा प्रकरणांत ते विचारायला मी कधी कचरत नाही. त्या थोडं थांबल्या. "तसा नाय गे बाय. पण सकाळी उठान काय करूचा तां समजत नाय." मी कागदावर टेली-मानस या मानसिक मदतीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर लिहून दिला, रात्री-अपरात्री कधीही लावता येतो. आणि पुन्हा या म्हटलं. त्या येतील अशी खात्री नव्हती.

त्या आल्या, पण कारण वेगळं होतं. त्यांना फादरनी पाठवलं होतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता आणि मावशींनी तीन आठवड्यांत चार वेळा कुमसार केला होता. कुमसार म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली, मराठी पुस्तकांत प्रायश्चित्त संस्कार म्हणतात ते. तिथे काय बोललं गेलं हे पाद्री कधीच कुणाला सांगत नाही. मला जे कळलं ते मावशींच्याच तोंडून.

"चवथ्या वेळेक फादर म्हणाले, तुम्ही चोरी केलात? मी म्हटलंय, नाय. मगे कशाची कबुली देतात?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलंय, म्हायत नाय. पण कायतरी केलंय असतलंय. नकळत."

हा 'नकळत' शब्द मला फार वेळा भेटतो. धर्मभीरू माणसाच्या मनात तो वाळवीसारखा शिरतो. म्हणून आम्ही त्या दिवशी तेवढ्यावरच बोललो. कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: कृत्य गंभीर हवं, ते गंभीर आहे याची जाण हवी, आणि जाणूनबुजून ते करायची इच्छा हवी. हे त्यांना लहानपणी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात शिकवलेलं होतं, पण स्वतःवर वेळ आल्यावर आठवलं नव्हतं. बेरीज चुकली असेल तर ती चूक आहे. ती शोधायची, दुरुस्त करायची. तिचा कुमसार होत नाही. एकच पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटणं, सांगूनही सुटल्यासारखं न वाटणं, याचा त्रास लोयोलाच्या संत इग्नेशियसलाही झाला होता, १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसात असताना. त्याने स्वतः ते आपल्या आत्मकथनात सांगून ठेवलंय. हे सांगितल्यावर मावशींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हलकेपणा दिसला. संताला झालं म्हणजे आपण अगदीच वाया गेलेलो नाही, असं काहीतरी वाटलं असावं. (कोणाच्या बाबतीत हे आठवडेच्या आठवडे चाललं, दिवसातले तास खाऊ लागलं, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. प्रार्थनेने ते आटोक्यात येईल म्हणून थांबत नाही.)

तिसऱ्या भेटीत त्या स्वतःहून बोलल्या. शुक्रवारी देवळात क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणयात्रेची प्रार्थना, झाली होती. चौदा स्थानं असतात, पहिल्या स्थानी रोमन सुभेदार पिलात येशूला मरणाची शिक्षा फर्मावतो. इतकी वर्षं त्या गुडघे टेकून पुढे सरकत होत्या, या वेळी पहिल्याच स्थानाशी अडल्या.

"पिलात म्हणता, माका ह्याच्यात काय वायट दिसणा नाय. म्हणान मी ह्येका फटके मारून सोडतंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वायट काय दिसणा नाय, तर फटके कित्याक?"

मी लूकचं शुभवर्तमान काढून बघितलं. तेविसावा अध्याय. पिलात तीनदा म्हणतो की हा निर्दोष आहे, आणि त्यातल्या दोनदा त्याच दमात फटक्यांचा तोडगा सुचवतो. एवढी वर्षं हात धुणारा पिलात मला ठाऊक होता, हा तडजोडवाला पिलात मी कधी नीट वाचलाच नव्हता. "घेतले असं आमचं म्हणणं नाही, पण अर्धे भरा." गर्दी शांत व्हावी म्हणून निर्दोष माणसाकडून थोडीशी किंमत वसूल करायची. आणि गर्दी कधी थोडक्यावर शांत होत नाही, ते पिलातालाही कळलं आणि आमच्या अध्यक्षबाईंनाही.

पण मावशींनी त्यातून काढलेला अर्थ माझ्यापेक्षा निराळा होता. त्यांचं म्हणणं असं, की देवाचा पुत्र निर्दोष असून गप्प राहिला, सोसलं, आणि त्यातून जगाचं तारण झालं. मग मी कोण बोलणारी? मीही आपला क्रूस उचलावा.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा सल्ला इतक्या बायकांना दिला जाताना मी ऐकलाय की आता राग येतो. 'आपला क्रूस उचला' हे बहुतेक वेळा त्यांनाच सांगितलं जातं ज्यांच्या खांद्यावर तो दुसऱ्या कुणी आणून ठेवलेला असतो, आणि सांगणाऱ्यात तो ठेवणाराही असतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच मुळात असा आहे: ज्याच्यात पाप नव्हतं त्याने इतरांच्या पापांची किंमत भरली, आणि ती एकदाच, सर्वांसाठी. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात 'एकदाच' यावर केवढा भर आहे. ती किंमत भरून झाली असेल, तर आणखी एका निर्दोष बाईने १९,००० भरून कशाचं तारण होणार आहे?

हे मी असंच बोलले, जरा चढ्या आवाजात. मावशी हसल्या. "तारण माझ्या बांगड्यांचा झाला."

मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो हे माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं. पतसंस्थेच्या पाटीवर 'सोनेतारण' आणि देवळात 'तारण'. ठेवलेली वस्तू पैसे भरून सोडवून आणायची, ती सोडवणूक. बायबलमध्ये येशूच्या मरणाला खंडणी म्हटलंय, तेही त्याच बाजारातलं. मावशी पुढे म्हणाल्या, की बांगड्या सोडवायला पैसे लागतात, पण आधी त्या आपल्या आहेत हे कबूल असावं लागतं. परक्याच्या वस्तूची पावती कोणी आपल्या नावावर करत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

आणि येशू गप्प होता हेही अर्धंच खरं. योहानाच्या शुभवर्तमानात शिपायाने थोबाडीत मारल्यावर तो विचारतो: वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारलंस का? येशूचा प्रेषित पौल, त्याचं तर आणखी सरळ. फिलिप्पै गावात त्याला चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुपचूप सोडून द्या. पौल म्हणाला, मुळीच नाही. मारलंत उघड्यावर, आता त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. हा प्रसंग मी मावशींना वाचायला दिला. त्यांनी पान दुमडून ठेवलं.

मला वाटलं, इथून सरळ उतार आहे. तसं होत नाही.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जे वाचन असतं ते दानिएलच्या तेराव्या अध्यायातलं, सुसान्नेची गोष्ट. प्रोटेस्टंट मराठी बायबलमध्ये हा अध्याय नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बाबेलमधली एक सज्जन बाई. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर वाईट डोळा ठेवतात, ती नकार देते, तेव्हा तेच तिच्यावर परपुरुषाबरोबर असल्याचा आळ घेतात. मरणाची शिक्षा होते. तरुण दानिएल मध्ये पडतो, दोघांना वेगवेगळं करून एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाखाली बघितलंत? दोघं दोन वेगळी झाडं सांगतात. आणि त्याच दिवशी, तीन वर्षांच्या वाचनचक्रात दोन वर्षं, शुभवर्तमान असतं ते व्यभिचारात पकडलेल्या बाईचं. जिने ते खरंच केलेलं आहे. येशू दगड मारणाऱ्यांना घालवतो आणि तिला म्हणतो, जा, यापुढे पाप करू नकोस. एक न केलेलीची गोष्ट, एक केलेलीची, एकाच सकाळी.

त्या मंगळवारी मावशी आल्या तेव्हा वही आणायला विसरल्या होत्या.

"पयली बाई मी," त्या म्हणाल्या. "पण दुसरीय मीच."

मग ती जुनी गोष्ट आली. बावीस वर्षांपूर्वीची, एकत्र घर होतं तेव्हाची. सासूची दोन तोळ्यांची साखळी नाहीशी झाली आणि बोट धाकट्या जावेकडे गेलं, कारण ती गरीब घरातली होती. साखळी मावशींच्या नवऱ्याने गहाण टाकली होती. मावशींना ते दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. जाऊ माहेरी गेली ती परत नांदायला आलीच नाही. पुढे ती आणि दीर कुडाळला वेगळे राहिले, पण या घराचा उंबरा तिने पुन्हा चढला नाही.

"मी गप रवलंय. घोवाचा नाव कसा घेवचा? तेव्हा कुमसार केलंय. फादरनी क्षमा दिल्यानी. पण तिका सांगूक होया हुतां. नाय सांगलंय. म्हणान देवान आता माका तसाच दिल्यान."

चार वेळा कुमसाराला जाऊन जे सापडत नव्हतं ते हे होतं. खोटा आळ आणि खरं पाप एकमेकांना इतके चिकटले होते की मावशींना आपण निर्दोष आहोत असं म्हणायचीसुद्धा लाज वाटत होती. म्हणूनच अर्धे पैसे त्यांनी इतक्या मुकाट्याने भरले. गटाच्या नावाने त्या दुसरंच कुठलंतरी देणं फेडत होत्या.

यावर मी काय म्हटलं ते सांगते, कारण हाच प्रश्न मला वरचेवर येतो. जन्मांध माणसाला बघून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. इथलं दुःख तिथल्या पापाची पावती असतेच असं नाही, हे इतकं स्वच्छ कुठे म्हटलेलं मला ठाऊक नाही. ३८,००० चा आणि साखळीचा काही संबंध नाही. देव असा बावीस वर्षांनी व्याजासकट वसुली करणारा सावकार असेल, तर क्रुसावरच्या त्या मरणाला काही अर्थच उरत नाही.

पण म्हणून साखळी विसरा असंही मी म्हटलं नाही. तसं म्हणणं सोपं होतं, आणि खोटं झालं असतं. येशूच्या शेजारी खिळलेला चोर एकाच वाक्यात दोन्ही बोलतो: आम्ही भोगतोय ते आमच्या करणीचं, याने मात्र काही केलेलं नाही. माझं ते माझं, त्याचं नाही ते त्याचं नाही. मावशींना दोन्ही वाक्यं म्हणायची होती, फक्त ती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर. कॅथलिक चर्चची शिकवण याबाबत बरीच व्यवहारी आहे. पापाची क्षमा मिळते, पण त्या पापाने जे मोडलं ते आपोआप सांधत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, आणि ज्याचं नाव खराब झालं त्याचं नाव शक्य तेवढं सावरून द्यावं लागतं. बावीस वर्षांपूर्वी देवाकडचा हिशेब मिटला होता. जावेकडचा नव्हता.

आधी गटाचं. ईस्टर झाल्यावर सीआरपी ताईला एक जुनी चिठ्ठी मिळाली, काजू बीच्या व्यापाऱ्याला दिलेल्या २६,००० रुपयांच्या उचलीची, खाली अध्यक्षबाईंची सही. रोकड वहीत नोंद करायची राहून गेली होती. उरलेले १२,००० आजतागायत सापडलेले नाहीत, आणि गावात दोन-चार तोंडं अजूनही त्या बारा हजारांवर चालतात. मावशींचे पैसे परत द्यायचं ठरलं. अध्यक्षबाईंनी ते संध्याकाळी मुलाच्या हाती पाकिटातून पाठवले. मावशींनी पाकीट परत केलं. निरोप दिला: घेतलेत बैठकीत, द्या पण बैठकीत. अकरा बायकांसमोर ते पाकीट हातात यायला आणखी तीन आठवडे लागले. माफी कोणी मागितली नाही. इतिवृत्तात दोन ओळी मात्र लिहिल्या गेल्या आणि खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. मावशींनी त्या पानाचा फोटो मला दाखवला.

मग त्या कुडाळला गेल्या. एकट्याच, एसटीने, सोबत पिशवीभर काजूगर. जावेने आत घेतलं, चहा केला. मावशींनी सगळं सांगितलं, नवऱ्याचं नावही घेतलं. जाऊ बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिली.

"माका म्हायत हुतां," ती म्हणाली. "तुका म्हायत आसा, ह्यापण म्हायत हुतां. माका सांगान काय करतलंस? माझ्या झिलाक सांग. तो अजून समजता, माझी आवस चोर."

काजूगर तिने ठेवून घेतले. क्षमा केली की नाही, ते काही बोलली नाही.

मागच्या आठवड्यात मावशी आल्या तेव्हा एका हातात बांगडी होती. दुसरी अजून पतसंस्थेत आहे, मुद्दल फिटायला पावसाळा उजाडेल. जावेचा मुलगा मुंबईत नोकरीला असतो, चतुर्थीला गावी येतो. (बापाच्या बाजूने ख्रिस्ती, पण मोदकाला कधी चुकत नाही.) त्याला काय आणि कसं सांगायचं याची आम्ही तालीम केली. मीच त्याच्या जागी बसले. दोनच वाक्यं ठरली होती.

"तुझ्या आवशीन साखळी घेवक नाय." हे मावशी लगेच म्हणाल्या, सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

दुसरं वाक्य होतं, "आणि माका तां म्हायत हुतां." तिथे त्या अडल्या. मनगटावरची बांगडी फिरवत बसल्या. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर पुढची माणसं येऊन बसली होती, त्यांना थोडं थांबायला सांगितलं.